वर्षानुवर्षं न हटणारं नैराश्य: स्कीमा थेरपीने टप्प्याटप्प्याने काम कसं करायचं

काही रुग्णांची फाइल जाड असते. दोन-तीन मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, बदलत गेलेली औषधं, मध्ये कधीतरी घेतलेलं समुपदेशन, दर वेळी ‘थोडा फरक आहे’ अशी नोंद आणि काही महिन्यांनी पुन्हा पहिल्याच तक्रारी. नैराश्य दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस टिकून राहिलं तर ते दीर्घकालीन मानलं जातं. पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ घेतलेल्या किमान दोन औषधांनी फरक पडला नाही, तर ते उपचारांना दाद न देणारं म्हणतात. प्रत्यक्षात ही दोन्ही वर्णनं बऱ्याचदा एकाच माणसाला लागू पडतात.

हा लेख अशा रुग्णांबरोबर काम करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशकांसाठी लिहिते आहे. पण रुग्णांनी आणि घरच्यांनीही तो जरूर वाचावा. या उपचारात काय घडतं हे आधी ठाऊक असलं, तर मधल्या कठीण महिन्यांत माणूस घाबरून निघून जात नाही.

माझं मुख्य म्हणणं असं आहे. दीर्घ नैराश्यात समोर बसलेल्या माणसाचं दुःख आपल्याला सहसा दिसतच नाही. दिसते ती बधिरता. ‘ठीक आहे’, ‘तेच चालू आहे’, ‘काही वाटतच नाही हो’. ही बधिरता आजाराचं लक्षण आहेच, पण बऱ्याच जणांच्या बाबतीत ती लहानपणी उभा केलेला पहारासुद्धा आहे. तेव्हा त्याने त्या मुलाला वाचवलेलं असतं. या पहाऱ्याशी वाद घालून आत जाता येत नाही. स्कीमा थेरपीचं निम्मं कौशल्य त्याच्या परवानगीने आत जाण्यात आहे.

ही पद्धत आली कुठून आणि तिचा आधार किती

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग हे फिलाडेल्फियात बोधात्मक उपचारांचे जनक आरॉन बेक यांच्याकडे शिकले. चुकीचे विचार तपासून बदलायचे, म्हणजे भावना आणि वागणं बदलतं, असे हे उपचार. बोधात्मक उपचारांनी बरेच रुग्ण बरे होतात, पण काहींच्या बाबतीत हे उपचार वरवरच राहतात, असं त्यांना दिसलं. मराठी वाचकांना हा अनुभव समजायला जड जाऊ नये. कि. मो. फडके यांच्यामुळे याच कुळातले विवेकनिष्ठ मानसोपचार महाराष्ट्रात घरोघरी पोचले आणि त्याचा असंख्य लोकांना फायदा झाला. तरीही प्रत्येक उपचारकाला असा रुग्ण भेटतोच, जो म्हणतो, ‘तुमचं डोक्याला पटतं, पण आत उतरत नाही.’ यंग यांनी या ‘आत’वर काम करण्यासाठी बोधात्मक उपचारांना नातेसंबंधांचा विचार, कल्पनाचित्रं (जुना प्रसंग मनात पुन्हा उभा करणं) आणि मनातल्या वेगवेगळ्या बाजूंना वेगळ्या खुर्चीत बसवून केलेले संवाद जोडले.

स्कीमा म्हणजे लहानपणी किंवा किशोरवयात मूलभूत गरजा अपुऱ्या राहिल्यामुळे स्वतःबद्दल आणि इतरांबद्दल मनात बसलेला खोल साचा. सुरक्षित जवळीक, स्वतःच्या पायावर उभं राहणं, भावना आणि गरजा बोलून दाखवण्याची मुभा, खेळणं-बागडणं आणि वाजवी शिस्त या पाच गरजा यंग धरतात. त्यांच्या मांडणीत एकूण १८ स्कीमा आहेत. दीर्घ नैराश्यात मला त्यांपैकी काही पुन्हा पुन्हा दिसतात: ‘माझ्यासाठी कुणी नाही’ ही भावनिक वंचितता, ‘माझ्यातच खोट आहे’ ही लाज, अपयश, स्वतःला कायम मागे ठेवणं, भावना दाबणं आणि कठोर मापदंड.

पुराव्याबद्दल रुग्णाला खरं तेच सांगावं. स्कीमा थेरपीचं मोठं यश व्यक्तिमत्त्व विकारांतलं आहे. नेदरलँड्समधला बॉर्डरलाइन विकाराच्या, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणाऱ्या रुग्णांवरचा २००६ चा अभ्यास त्यासाठी प्रसिद्ध आहे. नैराश्याच्या बाबतीत न्यूझीलंडमध्ये १०० रुग्णांवर केलेल्या तुलनेत (२०१३) ती बोधात्मक वर्तनोपचारांच्या बरोबरीची ठरली, वरचढ नाही. ग्रीसमध्ये दीर्घ नैराश्याच्या १२ रुग्णांना प्रत्येकी सुमारे ६० सेशन दिली, तेव्हा त्यांतले साधारण ६० टक्के बरे झाले किंवा लक्षणीय सुधारले. म्युनिकमधल्या २९२ रुग्णांच्या अभ्यासातही (२०२४) ती बोधात्मक उपचारांपेक्षा कमी पडली नाही. म्हणजे हा हमखास उपाय नाही. पण लहानपणाचा धागा स्पष्ट असेल आणि नेहमीचे उपचार करून झाले असतील, तर हा भक्कम पर्याय आहे.

सुरू करण्याआधी

उपचार अपुरे पडले की निदान अपुरं होतं, हे आधी पाहा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलेत का? घोरणं आणि दिवसा झापड येणं आहे का, म्हणजे झोपेत श्वास अडकतो का? दारू किती? औषध खरंच पुरेशा मात्रेत दीड-दोन महिने सलग घेतलं होतं, की दोन आठवड्यांत ‘सवय लागेल’ म्हणून बंद केलं? आणि कधी सलग चार दिवस किंवा जास्त, कमी झोपूनही भलताच उत्साह, भराभर बोलणं, उधळपट्टी असं झालं होतं का? बायपोलर विकार कितीतरी वर्षं साध्या नैराश्याच्या नावाखाली राहतो.

माणूस जेवत नसेल, भ्रम होत असतील, जीव देण्याचा बेत पक्का झाला असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, गरज पडल्यास भरती, प्रसंगी ईसीटी (भूल देऊन केलेला विजेचा उपचार). स्कीमाचं काम नंतर. घरात आजही मारहाण चालू असेल तर पहिलं काम सुरक्षिततेचं. जी माणसं आजही धोक्यात आहेत, त्यांचा पहारा उठवायला जाऊ नये. पहिल्याच सेशनमध्ये एका कागदावर लिहून घ्या: मरणाचे विचार वाढले तर कुणाला फोन करायचा, औषधांचा साठा कुणाकडे ठेवायचा, रात्री-अपरात्री कुठे जायचं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. तोही कागदावर हवा.

औषधं चालूच ठेवायची. स्कीमा थेरपी सुरू झाली म्हणून गोळ्या बंद करणं हा निर्णय रुग्णाचाही नाही आणि तुमचाही. तो औषध देणाऱ्या डॉक्टरांचा.

मूल्यमापन: पहिली चार-पाच सेशन

इथून पुढे एक उदाहरण घेते. ही कुणी एक खरी व्यक्ती नाही. अनेकांच्या गोष्टींतून ती जुळवली आहे. बेचाळीस वर्षांची प्राथमिक शिक्षिका, नवरा, दोन मुलं, सासू. नऊ-दहा वर्षांपासून नैराश्य. शाळेत एक दिवस खाडा नाही, घरचं सगळं वेळेवर. ‘कामं होतात, पण मी कुठेच नसते,’ एवढीच तिची तक्रार.

आधी नैराश्याची जीवनरेषा काढा. एका आडव्या रेषेवर वर्षं, आणि मनःस्थिती कधी खाली गेली, कधी सावरली याच्या खुणा. प्रत्येक घसरणीच्या आधी काय झालं होतं ते विचारा. शिक्षिकेच्या रेषेवर पहिली बाळंतपणानंतरची, दुसरी नणंदेच्या आजारपणातली आणि तिसरी मुख्याध्यापकांनी चारचौघांत बोलल्यानंतरची. तिन्ही वेळा तिला मदत हवी होती आणि तिने ती मागितली नव्हती. हा धागा प्रश्नावलीपेक्षा मोलाचा असतो.

मग यंग यांची स्कीमा प्रश्नावली. ९० विधानांची छोटी आवृत्ती पुरते. प्रत्येक विधानाला १ ते ६ गुण. इथे दोन गोष्टी सांभाळा. तीव्र नैराश्यातला माणूस जवळपास सगळ्यालाच ५ आणि ६ देतो, त्यामुळे सरासरीवर जाऊ नका. ज्या विधानापाशी पेन थांबलं, ज्यावर तो काही बोलला, ते विधान धरा. उलट ज्याचा पहारा कडक आहे, तो सगळ्याला १ आणि २ देतो. शिक्षिकेने ‘माझी काळजी घेणारं कुणी नव्हतं’ या आशयाच्या विधानाला २ दिले आणि म्हणाली, ‘तसं काही नाही, सगळं मिळालं.’ दोन सेशननंतर कळलं की तिसरी-चौथीत असताना तिची आई दीड वर्ष आजारी होती आणि घर तीच सांभाळत होती. या माणसांना आपल्याला काय मिळालं नाही हे सांगता येत नाही, कारण ते असतं हेच ठाऊक नसतं. त्यासाठी ‘तुम्हाला लहानपणी ताप आला की काय व्हायचं?’, ‘शाळेत कुणी मारलं तर घरी कुणाला सांगायचात?’ असे साधे प्रश्न विचारा. उत्तरापेक्षा उत्तराआधीच्या शांततेकडे लक्ष द्या.

एका पानाचा नकाशा

दीर्घ नैराश्यात १८ स्कीमांची यादी घेऊन बसलं की रुग्ण दमतो. त्यापेक्षा मोडवर, म्हणजे त्या त्या क्षणी पुढे आलेल्या मनाच्या बाजूवर काम करावं. रुग्णाशी बोलताना मी मोड न म्हणता ‘बाजू’ म्हणते. आत्ता, या क्षणी कुठली बाजू बोलतेय, एवढंच बघायचं.

शिक्षिकेच्या पानावर चार गोल आले. मध्ये ‘एकटी मुलगी’, दुखावलेलं मूल. तिच्याभोवती ‘पहारेकरी’, म्हणजे अलिप्त रक्षक: कामात बुडून राहणारा, रात्री मोबाइल बघत जागणारा, ‘काही नाही’ म्हणणारा. वरून एक आवाज: ‘लोकांना यापेक्षा किती त्रास असतात, तुलाच काय झालंय?’ आणि बाजूला अगदी छोटी ‘सुजाण मोठी बाई’, जी वर्गातल्या रडणाऱ्या पोराला जवळ घेते, पण स्वतःसाठी कधी येत नाही.

नावं रुग्णाने ठेवलेली असावीत. कुणी वरच्या आवाजाला ‘साहेब’ म्हणतं, कुणी ‘हेडमास्तर’. पान तयार झालं की मोबाइलवर फोटो काढायला सांगा. पुढे वर्षभर प्रत्येक सेशन या पानावरूनच चालतं. नैराश्य कसं टिकतं हेही त्यावर दिसतं: आवाज बोलतो, मुलगी दुखावते, पहारेकरी सगळं बंद करतो, बंद झाल्यामुळे कुणी जवळ येत नाही, आणि मुलगी आणखी एकटी पडते.

याच वेळी मुदत ठरवा. आठवड्याला एक याप्रमाणे सुमारे वर्षभर, नंतर अंतर वाढवत. ज्यांना खर्च किंवा अंतर परवडत नाही, त्यांच्यासाठी पंधरा दिवसांतून एकदा आणि मध्ये ऐकायला ध्वनिमुद्रण, असंही जमतं. गती कमी होते, काम बंद पडत नाही.

पहारेकऱ्याशी बोलणं

पहिले दोन-तीन महिने यातच जातात आणि जाऊ द्यावेत. सोबत झोपेची वेळ, सकाळचं चालणं, दिवसातून एक छोटी आवडती गोष्ट हे नेहमीचं काम चालू ठेवा. स्कीमाच्या ओढीत ते सोडून देऊ नका. शरीर हललं नाही तर कल्पनाचित्रांना ताकद मिळत नाही.

‘ठीक आहे’ आलं की पुढचा प्रश्न न विचारता त्या बाजूला नाव द्या: ‘मला वाटतं आत्ता पहारेकरी बोलतोय. चालेल का त्याच्याशीच जरा बोलले तर?’ मग दुसरी खुर्ची. रुग्ण तिथे बसून पहारेकरी म्हणूनच बोलतो. संवाद साधारण असा होतो:

‘तू हिच्याकडे कधी आलास?’

‘चौथीत असेल. आई दवाखान्यात होती तेव्हा.’

‘तू आला नसतास तर काय झालं असतं?’

‘ती रडत बसली असती. मग भाकरी कुणी केली असती? धाकट्याला शाळेत कुणी नेलं असतं?’

‘म्हणजे तू तिला सांभाळलंस.’

बराच वेळ गप्प. ‘हो. मीच तर सांभाळलं.’

इथे त्याचे आभार माना, मनापासून. त्याला शत्रू ठरवलंत तर तो आणखी घट्ट होतो. मग दोघं मिळून लिहा: तो काय देतो आणि काय घेतो. देतो ते: काम होतं, रडू येत नाही, कुणावर ओझं नाही. घेतो ते: मुलं जवळ आली तरी काही वाटत नाही, नवऱ्याशी बोलणं नाही, सण आला-गेला तरी कळत नाही. त्यानंतर छोटी मागणी: ‘आज फक्त दहा मिनिटं बाजूला बसशील? काही जड झालं तर परत ये, मी अडवणार नाही.’ शेवटचं वाक्य पाळा. दहा म्हणजे दहाच मिनिटं. पहारेकऱ्याचा विश्वास अशा पाळलेल्या शब्दांनी मिळतो.

मर्यादित पालकत्व

या थेरपीत उपचारक तटस्थ बसत नाही. जे लहानपणी मिळालं नाही ते व्यावसायिक मर्यादेत राहून काही अंशी द्यायचं असतं: ऊब, लक्ष, कौतुक, कधी स्पष्ट शब्दांत थांबवणं. आठवड्यातल्या अवघड प्रसंगानंतर एखादा छोटा निरोप, ‘काल मुख्याध्यापकांशी बोलणार होतात, कसं झालं?’ एवढ्यानेही दीर्घ नैराश्यातला माणूस हलतो, कारण कुणी आपल्याला लक्षात ठेवलं हा अनुभवच त्याच्याकडे नसतो. मर्यादा आधीच बोलून ठेवा: निरोप कधी चालतील, फोन कधी, उत्तर किती वेळात येईल. जेवढं वर्षभर निभेल तेवढंच कबूल करा. उत्साहाने जास्त देऊन मग मागे घेणं हे त्या मुलीच्या दृष्टीने पुन्हा सोडून जाणं असतं.

आपल्याकडे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. रुग्णाला आपण ‘तुम्ही’ म्हणतो, पण कल्पनाचित्रातल्या नऊ वर्षांच्या मुलीला ‘तुम्ही’ म्हटलं तर ती जवळ येत नाही. आधी विचारून घ्या: ‘त्या छोटीशी बोलताना मी तू म्हणेन, चालेल?’ डोळे उघडले की परत ‘तुम्ही’. वयाने मोठ्या रुग्णांच्या बाबतीत तर ही परवानगी विसरूच नये.

कल्पनाचित्र पुन्हा लिहिणं

उपचाराचा गाभा हाच, म्हणून इथे जास्त वेळ द्या. सेशनच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत सुरुवात करा, म्हणजे शेवटी परत यायला दहा मिनिटं उरतात. शेवटच्या दहा मिनिटांत नवं चित्र कधीही उघडू नये.

डोळे मिटायला सांगा. भीती वाटत असेल तर जमिनीवरच्या एका बिंदूकडे पाहिलं तरी चालतं. आधी अलीकडचा प्रसंग: मुख्याध्यापक सगळ्यांसमोर बोलले. ‘शरीरात कुठे जाणवतंय?’ ‘घशात.’ ‘ती जाणीव तशीच धरा, बाकीचं चित्र पुसून टाका. असंच लहानपणी कधी वाटलं होतं, ते चित्र येऊ द्या. जे येईल ते.’ ओढून आणू नका. वर्तमानकाळात बोलायला सांगा: ‘मी पाटावर उभी आहे. स्टोव्ह पेटलाय.’

शिक्षिकेचं चित्र असं होतं. ती नऊ वर्षांची, भाकरी करताना बोटं भाजली. वडील दवाखान्यातून दमून आलेत. तिचं रडणं ऐकून म्हणतात, ‘रडायला काय झालं? मोठी झालीस आता.’ ती गप्प होते आणि डाव्या हाताने भाकरी उलटते.

इथे थांबा. सगळं पुन्हा भोगायला लावण्याची गरज नसते. गरज कुठली दुखावली एवढं कळलं की पुरे. मोठ्या अत्याचाराच्या आठवणीत तर सर्वांत वाईट क्षण येण्याआधीच चित्रात शिरावं.

मग उपचारक आत येतो. ‘मी आता दारातून आत येतेय. दिसतेय का तुला?’ आधी कृती, मग बोलणं. ‘मी स्टोव्ह बंद करते. तुझा हात पाण्याखाली धरते. किती आग होतेय ना.’ मग वडिलांकडे वळून, शांत पण ठाम: ‘तिला भाजलंय. ती नऊ वर्षांची आहे. तुम्ही दमलात, घाबरलात, हे मला दिसतंय. पण घर चालवणं तिचं काम नाही. शेजारच्या काकूंना बोलवा.’ आणि परत मुलीला विचारा: ‘आता तुला काय हवंय?’

इथे घाई नको. ही मुलं आधी ‘काही नको’ म्हणतात. दुसऱ्यांदा विचारा. शिक्षिका बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘आईकडे जायचंय.’ मग चित्रात तिला रिक्षाने दवाखान्यात न्यायचं, आईच्या कॉटवर बसू द्यायचं, आईचा हात तिच्या डोक्यावर येईपर्यंत थांबायचं. या क्षणी पहिल्यांदा रडू येतं. ते थांबवू नका, रुमाल पुढे करायचीही घाई नको.

परत येताना पाय जमिनीवर, खोलीतल्या तीन वस्तूंची नावं, एक घोट पाणी. मग एकच प्रश्न: ‘त्या मुलीला आज काय कळलं?’ उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्या.

पहिल्या काही महिन्यांत चित्रात तुम्ही शिरता. नंतर तुम्ही आणि रुग्णाची मोठी बाजू दोघं शिरता. शेवटी ती एकटी शिरते आणि तुम्ही बाहेरून साथ देता. हा बदल कधी करायचा हे ‘त्या छोटीकडे बघून तुम्हाला काय वाटतं?’ या प्रश्नाने ठरतं. उत्तर ‘राग येतो, किती रडकी आहे’ असं असेल तर अजून वेळ आहे. ‘तिला उचलून घ्यावंसं वाटतं’ आलं की ती तयार आहे.

कल्पनाचित्रांच्या पहिल्या आठवड्यांत मनःस्थिती थोडी खाली जाऊ शकते. हे रुग्णाला आणि त्याच्या संमतीने घरच्यांनाही आधी सांगा. बधिरता उतरली की आधी दुःखच जाणवतं. पण झोप उडाली, मरणाचे विचार वाढले, तर चित्रं थांबवून स्थिर करण्याच्या कामावर या.

आतला आवाज आणि आई-वडिलांचा प्रश्न

‘म्हणजे आई-वडिलांना दोष द्यायचा का?’ हा प्रश्न आपल्याकडे येतोच, आणि तो टाळला तर रुग्ण येणंच बंद करतो. मी स्पष्ट सांगते: आपण खऱ्या माणसांवर खटला चालवत नाही. वडिलांनी कर्ज काढून दवाखाना केला, हेही खरं. नऊ वर्षांची मुलगी एकटी पडली, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आपण लढतो ते आज डोक्यात उरलेल्या आवाजाशी. तो आवाज वडील वारले तरी चालूच असतो, आणि त्यात सासरची माणसं, शिक्षक, नातेवाईक, समाज सगळे मिसळलेले असतात.

आवाजाचे दोन प्रकार ओळखा. शिक्षा करणारा म्हणतो ‘तू नालायक आहेस’. त्याच्याशी चर्चा करायची नसते, त्याला थांबवायचं असतं. प्रसंगी ती खुर्ची उचलून खोलीबाहेर ठेवा, रुग्णावर याचा खोल परिणाम होतो. मागणी करणारा म्हणतो ‘आणखी कर, अजून पुरेसं नाही’. त्याचं थोडं ऐकावं आणि हद्द घालावी: काम चांगलं व्हावं हे मान्य, पण आजारी असताना शाळेत जाणं अमान्य.

सुरुवातीला आवाजाला उत्तर तुम्ही द्या, रुग्ण फक्त ऐकेल. बऱ्याच जणांनी आपली बाजू घेऊन कुणी बोलताना आयुष्यात ऐकलेलंच नसतं. पुढे राग येऊ लागतो, आणि दीर्घ नैराश्यात राग येणं ही चांगली खूण आहे. उशी दाबून, मोठ्याने बोलून तो इथेच बाहेर येऊ द्या. घरी जाऊन म्हाताऱ्या वडिलांना जाब विचारणं हे ध्येय नाही, आणि तसं स्पष्ट सांगा.

घरात आणि शाळेत बदल

चित्रं बदलली तरी रोजचं वागणं तेच राहिलं तर नैराश्य परत येतं. शेवटचा तिसरा हिस्सा वागणुकीला द्या. शिक्षिकेसाठी नियम होता: आठवड्यात एक मागणी. पहिली अगदी छोटी, नवऱ्याला ‘आज चहा तुम्ही कराल का?’. पुढे रविवारी सकाळचा एक तास स्वतःचा. मग शाळेत स्नेहसंमेलनाची सगळी जबाबदारी न घेता दोघींत वाटून घेणं.

आयुष्यभर सगळ्यांचं करणारी व्यक्ती थांबली की घर कुरकुरतं. ‘तुझ्या त्या मॅडमकडे जायला लागल्यापासून बदललीस’ हे वाक्य ठरलेलंच आहे. म्हणून संमती घेऊन नवऱ्याला, शक्य तर सासूबाईंनाही एका सेशनला बोलवा. थेरपीतलं गुपित न सांगता एवढंच समजवा की मदत मागणं हा तिच्या उपचाराचा भाग आहे, गोळीसारखाच.

कार्ड लिहून द्या, पर्समध्ये मावेल असं: आत्ता मला काय वाटतंय, हे जुनं कुठून येतंय, आजची वस्तुस्थिती काय, म्हणून मी आता काय करेन. सोबत तुमच्या आवाजात दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण तिच्या मोबाइलवर. रात्री मोबाइल बघत जागणारा पहारेकरी निदान तेवढं ऐकतो.

मोजत राहा, आणि अडलं तर

पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची प्रश्नावली दर पंधरा दिवसांनी भरून घ्या. गुण निम्म्यावर आले तर चांगला प्रतिसाद, ५ च्या खाली टिकले तर बरं होणं. नवव्या प्रश्नाचं उत्तर मात्र दर वेळी डोळ्यांनी पाहा, तो मरणाच्या विचारांचा आहे. सहा महिन्यांत आकडा हललाच नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांबरोबर बसून निदान आणि औषधं पुन्हा तपासा. दीर्घ नैराश्यासाठीच तयार झालेली जेम्स मॅककलो यांची सीबास्प पद्धतही विचारात घेता येते. तिच्यात आपल्या वागण्याचा इतरांवर काय परिणाम होतो हे रुग्ण तपासायला शिकतो.

काम अडतं त्याचं दुसरं कारण आपण असतो. ज्या उपचारकाचा स्वतःचा स्कीमा ‘मीच सगळ्यांना सांभाळलं पाहिजे’ हा आहे, तो रुग्णाला स्वतःच्या पायावर येऊच देत नाही. ज्याचे मापदंड कठोर आहेत, तो चौथ्या महिन्यात रुग्णावर नकळत चिडू लागतो. अनुभवी व्यक्तीकडे नियमित सुपरव्हिजन घ्या, आणि स्कीमा थेरपीचं रीतसर प्रशिक्षण घेतल्याशिवाय अत्याचाराच्या आठवणींची चित्रं करू नका. रुग्णांनीही बिनधास्त विचारावं: भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, स्कीमा थेरपी कुठे शिकलात, सुपरव्हिजन कुणाकडे आहे.

संपवताना

ज्या माणसाचा साचा ‘मला सोडून जातात’ हा आहे, त्याच्याशी निरोपाबद्दल तीन महिने आधी बोलायला सुरुवात करा. आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी भेट. शेवटच्या सेशनमध्ये एका कागदावर तीन गोष्टी रुग्णाच्या हाताने लिहून घ्या. परत घसरतंय हे कशावरून ओळखायचं: शिक्षिकेच्या बाबतीत रात्रीचा मोबाइल वाढणं आणि ‘काही नाही’ हे उत्तर. त्या दिवशी काय करायचं: ध्वनिमुद्रण ऐकणं, चालायला जाणं, नवऱ्याला एक मागणी. आणि दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर कुणाला फोन करायचा. तो कागद कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या.